ट्रिपहून येतांना गाडीत सगळे गप्प होते, माझं काही चुकलं का?

दिवाळी झाली की नागपुरात थंडी सुरू होते आणि पोरंपोरी गाड्या काढून पचमढी, चिखलदरा, पेंच, नवेगावबांध असं कुठे कुठे टेंटमध्ये राहायला निघतात, आणि मग पुढच्या आठवड्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न येतोच. जातांना इतकी धमाल, शेकोटीजवळ मध्यरात्रीपर्यंत गप्पा, आणि येतांना गाडीत माझ्याशी कोणी धड बोललं नाही, रागावलेत का माझ्यावर? कॉलेजची मुलं विचारतात, लग्न झालेले विचारतात, भिशीच्या ग्रुपसोबत जाऊन आलेल्या बायकाही विचारतात. म्हणून आज लिहूनच टाकते.

ज्याचं उदाहरण देते तो पंचविशीतला मुलगा, मिहानमध्ये नोकरी, राहायला अमरावती रोडवरच्या वाडीला (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत). पाच मित्र, एक गाडी, चिखलदऱ्याला दोन रात्री. आल्यावर यानं ग्रुप म्यूट केला, रविवारचं क्रिकेट बंद केलं, जेवणावरून घरात चिडचिड सुरू झाली, शेवटी आईच घेऊन आली.

"मॅडम, पाच-सहा तासांचा रस्ता, एकही जण माझ्याशी बोलला नाही. मागे मधात बसवलं होतं मला. आणि सगळ्यात पहिले मलाच उतरवून दिलं."

"अरे तसं काही नसेल रे" हे घरच्यांचं म्हणून झालेलं असतं, त्यानं काही फरक पडत नाही. मी म्हटलं, मला रस्ता सांग, घाटापासून.

"घाटात गाणी सुरू होती, सगळे ओरडून राहिले होते. परतवाड्याला चहा घेतला, तिथून चुप झाले."

"परतवाड्याला काय झालं?"

"काहीच नाही. रेंज आली..." आणि इथे तो स्वतःच थांबला. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, दोन दिवसांचे मेसेज, घरचे मिस्ड कॉल, ऑफिसचे मेल सगळं एकदम धडाधड आलं आणि जो तो आपापल्या फोनात शिरला. अमरावतीला जेवले, नांदगाव पेठचा टोल गेला आणि दोघं झोपले.

"आणि तू? मोझरी, तिवसा, तळेगाव, कोंढाळी, तू किती बोललास?"

"मी डोळे मिटून बसलो होतो. सोमवारी ऑफिसात प्रेझेंटेशन होतं, त्याचंच टेन्शन."

"त्यांच्यावर रागावला होतास?"

"नाही बा."

"आणि पहिले तुलाच का उतरवलं?"

"वाडी पहिले लागते नं मॅडम..." म्हणाला आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसला असेल.

मला या सगळ्या केसेस ऐकून एक गोष्ट लक्षात आलीय आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शेकोटीभोवती आपण गोल बसतो, प्रत्येकाचा चेहरा दिसतो, कोणी गप्प असला तरी तो दमलाय की चिडलाय हे कळतं. गाडीत तीच माणसं असतात पण समोर दिसते फक्त मान आणि सीटचं डोकं, बाजूचा खिडकीबाहेर बघत असतो. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर तो आपलं मन काढतं, आणि आपण थकलेले असलो की मन रागावलेलाच चेहरा काढतं. थकवाही खराखुरा असतो. नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग पुरता झोपत नाही, पहारा देत राहतो, ब्राउन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे झोपेतल्या मेंदूचं मोजमाप करून दाखवलंय. त्यात टेंट, थंडी, उशिरापर्यंत जागरण. अशा डोक्यानं काढलेला निष्कर्ष किती खरा धरायचा?

पण खरं काम पुढच्या वेळी झालं. तो फोन घेऊनच आला. "हे बघा मॅडम, मला उतरवल्यावर हे चौघं फुटाळा तलावावर गेले, चहा पिऊन राहिले, फोटो टाकला." आता याला रेंज आणि झोपेचं कारण पुरत नाही, हे खरंच घडलं होतं. इथे बरेच जण पुन्हा समजूत काढायला लागतात. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर काम करते, १९५५ मध्ये त्यांनी मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत (घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार तपासायची) मला इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय, आणि ती म्हणते वाईटात वाईट खरं धर आणि मग बघ. म्हणून मी विचारलं,

"समज, त्या तासाभरासाठी तू त्यांना खरंच नको होतास. मग?"

"मग काय, बेकार वाटतं."

"वाटणारच. आणि पुढे?"

बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही, अशा वेळी घाईनं शब्द पुरवायचे नसतात. मग हळूच म्हणाला, "पुढे मी असं धरून चाललो की मी माणूसच बोर आहे. शाळेपासून हेच वाटून राहिलं."

"फुटाळ्यावरच्या एका चहावरून?"

"...बोलवायला पाहिजे होतं त्यांनी. पण नाही बोलवलं म्हणून मी फालतू होत नाही."

हे वाक्य त्याचं आहे, मी दिलेलं नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मित्र रागावलेत का असं विचारत येणारी बहुतेक माणसं आतून विचारत असतात की माझी काही किंमत आहे का, आणि ते मित्रांच्या गप्प बसण्यावरून ठरूच शकत नाही.

दोन दिवसांनी त्यानं मित्राला फोन केला, फुटाळ्याला मलाही यायचं होतं, पुढच्या वेळी विचारा. तो म्हणे, "बे, तू तर कोंढाळीपासून झोपून होता, म्हटलं याला घरी जाऊ द्या." डोळे मिटलेला चेहरा त्यांनीही आपल्या मनानंच वाचला होता.

तुमच्यासोबत असं झालं तर उतरल्या उतरल्या ग्रुप सोडू नका, लांबलचक मेसेज तर अजिबात टाकू नका, आधी एक रात्र नीट झोपा. मग नेमक्या एका गोष्टीबद्दल नेमक्या एका मित्राला विचारा, "तुम्ही सगळे असेच आहात" असं नाही. गाडीत एकटं वाटत असेल तर सरळ बोला, मला उद्याचं टेन्शन आलंय, एवढंच पुरतं. वाटेत जेवायला थांबलात की जागा बदला, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी झोपणार नाही असाच माणूस बसवा, तो कोण हे निघतांनाच ठरवा. कोणाशी खरंच वाजलं असेल तर चालत्या गाडीत ते काढू नका, चालवणाऱ्याचं लक्ष जातं आणि रुसलेल्याला उठून जायलाही जागा नसते. नागपूरला आल्यावर समोरासमोर बसून बोला.

मात्र प्रत्येक ट्रिपमध्ये तुमचीच टिंगल होत असेल, पैसे तुमच्याकडूनच काढले जात असतील, आणि सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर तो तुमचा गैरसमज नाहीये. तिथे स्वतःच्या विचारांना दोष देत बसू नका, पुढच्या ट्रिपला नाही म्हणा.