दळू नका, उकलू द्या

प्रश्न : मी सुतारकाम करतो. कपाटं, दारं करताना एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू सरसानं दाबून केलेल्या बोर्डाचे, तुकडे ढिगानं उरतात, जुनं मोडून आलेलं वेगळंच. हे दळून, सरस घालून दाबलं तर नवा बोर्ड होईल का?

उत्तर : दळून होणार नाही. तुमचा जीव तुटतो ते कळतं; माझाही तुटायचा, म्हणून तर बोर्डाच्या प्रयोगशाळेतली माझी कितीतरी वर्षं यातच गेली.

एमडीएफ उभा असतो तो तंतूंच्या लांबीवर. तंतू जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, पण एकमेकांत गुंतलेले. चक्कीत घातले की त्यांचं पीठ होतं. पीठ सरस मात्र भरपूर पितं आणि गुंतत काही नाही.

तंतू न तोडता सोडवायचे तर सरसाचीच खोड कामी येते. युरिया फॉर्माल्डिहाइडचा हा सरस वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो आणि उष्णता आणि ओल एकत्र आली की त्याला सोसत नाही. सिंकखालच्या कपाटाचं बूड फुगतं, त्याला हेही एक कारण. आम्ही तुकडे दाबाच्या वाफेत ठेवले. झाकण काढलं तर आत पिंजलेल्या कापसासारखा तपकिरी लगदा! चिमूटभर वाळवून भिंगाखाली धरला : बरेचसे तंतू शाबूत, अंगावर जुन्या सरसाचे कण. डोळे मात्र झोंबत होते. तो फॉर्माल्डिहाइड वायू. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोगकारक ठरवलं. तेव्हा घरच्या कुकरमध्ये हा प्रयोग कृपा करून करू नका, आणि तुकडे शेकोटीतही घालू नका.

नुसत्या जुन्या तंतूंचा आमचा पहिला बोर्ड काळपट निघाला. कडा भुसभुशीत, स्क्रू फिरवला की भोकच मोठं. उरलेला जुना सरस नव्या सरसाच्या पक्व होण्यात लुडबुड करतो. मग नव्या तंतूंत शेकडा पंधरा जुने मिसळले. तो बोर्ड माझ्या हाताला तरी वेगळा लागला नाही.

असे तंतू सोडवणाऱ्या कारखान्याला तुकडे द्यायचे तर तुमच्याकडून व्हावं ते एवढंच : बिजागऱ्या, स्क्रू, पीव्हीसीची पट्टी आणि लॅमिनेट काढून टाका. लॅमिनेट निघत नसेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. रंगवलेल्याची थप्पीही वेगळी. करवतीचा भुसा त्यात नको, त्याचे तंतू आधीच तुटलेले. आणि वखारीत ढीग कोरडा ठेवा. वाफ कारखान्यात द्यायची असते, पावसानं आधीच नव्हे.