दात-आरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 67 आहे. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेला आहे. खालची दाढ हलते, हिरडी वरचेवर सुजते, कळण्याची भाकरीही चावता येत नाही. गावातल्या एका जाणत्या माणसाने ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठ दिवस बंद करा, मग दाढ काढा’ असे सांगितल्यावरून त्यांनी परवापासून त्या गोळ्या सोडल्या आहेत. आखाजीच्या आत दाढ काढून घ्यावी का?
— एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव

उत्तर : पत्रात आपण फोन क्रमांक दिला होता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांशी तातडीने बोलून गोळ्या पुन्हा सुरू करून घ्याव्यात, एवढे आपल्याला त्याच दिवशी कळवले. अशी चूक अनेक घरांत होते, म्हणून तिचे कारण येथे सविस्तर लिहितो.

स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तातील प्लेटलेट पेशी चिकटून गुठळी होऊ नये, यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या दिल्या जातात. त्या अचानक थांबवल्या आणि जाळीत गुठळी झाली, तर तो थेट हृदयविकाराचा झटका असतो. दाढेच्या खड्ड्यातून येणारे रक्त मात्र डोळ्यांना दिसते आणि दाबून थांबवता येते. एका वेळी एकच दाढ काढायची, खड्ड्यात विरघळणारा जिलेटिनचा स्पंज ठेवायचा, टाके घालायचे आणि रुग्णाला अर्धा तास गॉजचा बोळा घट्ट चावून धरायला सांगायचे, एवढ्याने बहुतेक वेळा रक्त थांबते. म्हणून साध्या दाढेसाठी या गोळ्या सहसा बंद करत नाहीत, आणि बंद करायच्याच असतील तर तो निर्णय फक्त हृदयरोगतज्ज्ञांचा असतो. वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांनी दात काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी करून घ्यावी आणि आकडा 4 किंवा त्याहून अधिक असल्यास दात काढणे पुढे ढकलावे.

दुखते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून वडिलांना देऊ नये, कारण या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते.

आता मधुमेहाविषयी. ‘आधी साखर आटोक्यात आणा, मग बघू’ असे सांगून रुग्णाला महिनोन्‌महिने परत पाठवले जाते, ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण हिरडीतला जंतुसंसर्ग हा स्वतःच साखर वाढवणारा असतो आणि तो काढल्याशिवाय कित्येकदा साखर उतरतच नाही. एचबीए1सीचा (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) ताजा अहवाल सोबत न्यावा, पण चेहऱ्यावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी सकाळची वेळ घ्यावी, नेहमीची न्याहारी आणि गोळी घेऊनच निघावे. एकादशी किंवा अन्य उपवासाच्या दिवशी जाऊ नये. खुर्चीवर घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर साखर 70च्या खाली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी, रुग्ण शुद्धीवर असल्यास, तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी.

बधिर करण्याच्या इंजेक्शनात थोडे ॲड्रेनॅलिन (हृदयाचे ठोके वाढवणारे द्रव्य) असते, म्हणून स्टेंटची माहिती दंतवैद्यांना आधीच द्यावी. ते मात्रा मर्यादित ठेवतील. मात्र भीतीपोटी अर्धवट बधिर करून दाढ ओढणे अधिक धोक्याचे आहे, कारण वेदनेमुळे शरीर स्वतःचेच ॲड्रेनॅलिन सोडते.

म्हणून आखाजीचा मुहूर्त धरू नये. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलले की जी तारीख ठरेल, ती घ्यावी.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, कार्डावर ‘एसएस’ (म्हणजे प्रत्यक्ष आजार) लिहिले आहे. किडलेली दाढ काढायला दवाखान्यात नकार मिळाला. दाढ तशीच ठेवावी का?
— एक माता, ता. शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : नाही, ताई. किडक्या दाढेतला संसर्ग हाच या मुलांमध्ये वेदनेचा झटका आणू शकतो, त्यामुळे दाढ तशीच ठेवणे तिच्यासाठी अधिक वाईट आहे. झटका नसलेल्या दिवशी, हिमोग्लोबिन तपासून, जागच्या जागी बधिर करून दाढ काढता येते. पूर्ण भूल मात्र शक्यतो टाळावी आणि लागलीच तर ती मोठ्या रुग्णालयातच द्यावी. नंदुरबार किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कार्ड घेऊन जावे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू ठेवावे. वैशाखाच्या उन्हात दुपारच्या एसटीने प्रवास करू नये, सकाळी निघावे आणि वाटेत तिला पाणी पाजत राहावे, कारण शरीरातले पाणी कमी झाले की लाल पेशी अधिक विळ्यासारख्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. दाढ किडलेली नसताना जबडा ठणकू लागला, तर ते दुखणे सिकलसेलचेच असू शकते. अशा वेळी दात काढण्याची घाई करू नये. कार्डावर ‘एएस’ (म्हणजे फक्त वाहक) असलेल्या तिच्या भावंडांवर मात्र सहसा इतर मुलांप्रमाणेच उपचार करता येतात.