झाकणावरची बेडकी

प्रश्न : माझे काका 1983 साली कामानिमित्त मॉस्कोला गेले होते, तेव्हा त्यांनी आजीसाठी एक काळी, चकचकीत डबी आणली. तिच्या झाकणावर धनुष्य घेतलेला तरुण आणि दलदलीत बाण तोंडात धरून बसलेली बेडकी असून खालच्या कडेला बारीक सोनेरी अक्षरे आहेत. आतून डबी लाल आहे. ही गोष्ट कोणती? चित्र हाताने काढलेले आहे की छापील? मुंबईच्या पावसाळ्यात डबी कशी जपावी आणि तिच्यात आजीची नथ ठेवली तर चालेल का?
– एक वाचिका, दादर

उत्तर : आपल्या झाकणावर 'बेडूक राजकन्या' ही रशियन लोककथा आहे. राजा तिन्ही मुलांना बाण सोडायला सांगतो आणि ज्याचा बाण जिथे पडेल तिथली मुलगी त्याची वधू ठरते. थोरल्याचा बाण सरदाराच्या अंगणात पडतो, मधल्याचा व्यापाऱ्याच्या आणि धाकट्या इवानचा दलदलीत. पुढे ही बेडकी शापित वासिलिसा निघते, इवान उतावळेपणाने तिची कातडी जाळतो आणि तिला कोश्चेई नावाच्या दुष्टापासून सोडवण्यासाठी वणवण करतो. या कोश्चेईचा प्राण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात आणि ससा ओकाच्या झाडावरच्या पेटीत असतो. पिंजऱ्यातल्या पोपटात प्राण ठेवणारा आपल्या आजीच्या गोष्टीतला राक्षस याचा सख्खा भाऊ शोभावा.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातली काळी पार्श्वभूमी, लांबट सडपातळ आकृत्या आणि सोन्याच्या केसासारख्या रेघा पाहता ही पालेख गावची शैली वाटते. इवानोवो प्रांतातल्या या गावचे चित्रकार पिढ्यानपिढ्या चर्चसाठी धार्मिक चित्रे रंगवत असत. 1917 च्या क्रांतीनंतर ते काम बंद पडले, तेव्हा इवान गोलिकोव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी 1924 साली सहकारी संस्था काढली आणि तीच कला कागदी लगद्याच्या डब्यांवर आणली. म्हणूनच आपल्या इवानच्या अंगरख्याच्या चुण्यांत संतांच्या वस्त्रांची ठेवण दिसते. डबीचे अंग पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून, दाबून, अळशीच्या तेलात मुरवून भट्टीत वाळवलेले असते. त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग येतात. सोन्याचा वर्ख डिंकात खलून रेघा ओढतात आणि त्या पूर्वापार लांडग्याच्या दाताने घासून चमकवतात.

आता कसोटी. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे असते तसले भिंग घेऊन बेडकीच्या पाठीवरचे ठिपके पाहावेत. छापील चित्रात रंग सारख्या अंतरावरच्या बारीक ठिपक्यांत फुटतो आणि कधीकधी चिकटवलेल्या कागदाची कडही वार्निशाखाली दिसते. हाताने काढलेल्या चित्रात रेघ कुठे जाड, कुठे निमुळती होते आणि डबी तिरपी धरली की सोने वेगळेच लखलखते. अक्षरांत गावाचे नाव असल्यास ती रशियन लिपीतली पाच अक्षरे असतील : पहिले उंबरठा नसलेल्या दाराच्या चौकटीसारखे आणि शेवटचे चक्क फुलीसारखे. शेजारी बहुधा चित्रकाराचे नाव आणि साल असते. साल 1983 किंवा त्याआधीचे निघाले, तर काकांच्या आठवणीला दुजोरा मिळेल.

जपणूक सोपी आहे. डबी खिडकीतल्या उन्हात आणि स्वयंपाकघराच्या वाफेत ठेवू नये; पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्याऐवजी कोरड्या कपाटात, जवळ ओलावा शोषणारी पुडी टाकून ठेवावी. पुसायला मऊ, कोरडा सुती कपडा पुरे. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रावण लावू नये. प्रस्तुत लेखकाने असल्याच एका डबीवर हा उत्साह दाखवला आणि तिची चकाकी कायमची घालवली.

नथ अवश्य ठेवावी. मात्र तिची तार लाल वार्निशावर ओरखडे काढते, म्हणून आधी तळाशी मखमलीचा तुकडा अंथरावा.