खाचा शाबूत असताना टायर सोलला कसा?

प्रश्न : महामार्गावर आमच्या मोटारीच्या मागच्या टायरचा खाचांचा पट्टा अचानक सोलून निघाला, गाडी फिरली आणि दुभाजकावर आदळली. भावाचा हात मोडला. टायर दोन वर्षांपूर्वी नवा घेतला होता व खाचा चांगल्या खोल होत्या. विक्रेता म्हणतो, तुम्हीच हवा कमी ठेवली असणार. टायर सदोष होता का, हे कसे कळेल? उरलेले तीन टायर वापरावेत का?

उत्तर : आपल्या भावाला लवकर आराम पडो. सर्वांत आधी एक कळकळीची विनंती : तो टायर आणि पट्ट्याचे जे तुकडे हाती लागले असतील ते जपून ठेवा. विक्रेत्याने मागितले तरी देऊ नका, कारण भरपाईच्या दाव्यात तोच आपला मुख्य पुरावा आहे.

रेडियल टायरमध्ये खाचांच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर एकावर एक बसवलेले असतात. रबराने घट्ट धरावे म्हणून या तारांवर पितळेचा मुलामा असतो. कारखान्यात थरांमध्ये ओलावा, धूळ किंवा हवेचा बुडबुडा राहून गेला, तर ही पकड कच्ची राहते. मग थराच्या कडेला बारीक भेग पडते, चाकाच्या फेऱ्यांगणिक ती आत सरकत जाते आणि उन्हाळ्यात, वेगात, भरलेल्या गाडीत एके दिवशी पट्टा उखडतो. खाचांच्या खोलीवरून झीज कळते, आतली पकड कळत नाही. म्हणूनच असा टायर शेवटपर्यंत नव्यासारखा दिसू शकतो.

विक्रेत्याचे म्हणणे मात्र तपासायलाच हवे. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, तापते आणि चांगली पकडही सुटू शकते. पण बराच काळ कमी हवेवर चाललेला टायर खुणा ठेवतो : पट्ट्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त झिजतात आणि रिमला टेकणाऱ्या जागी खोल घासल्याची वर्तुळाकार खूण उमटते. या खुणा नसतील, पंक्चरची चुकीची दुरुस्ती वा जबर धक्क्याची निशाणीही नसेल, तर संशय टायरच्या घडणीवरच जातो. हा निर्णय स्वतंत्र तज्ज्ञाकडून लेखी घ्यावा.

हवेचा हा वाद जुना आहे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, आणि अशा अपघातांशी जोडलेल्या २७१ मृत्यूंची नोंद त्या देशाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे झाली. फोर्डने सुचवलेला २६ पीएसआय दाब अपुरा असल्याचे टायरवाल्यांचे म्हणणे होते; त्याच गाडीवरच्या दुसऱ्या कंपनीच्या टायरांत हा प्रकार क्वचितच आढळतो, असे फोर्डचे उत्तर होते. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तर मोलाचे आहे, कारण तुलनेतूनच दोष उघड होतो.

आपणही तशीच तुलना करा. टायरच्या भिंतीवरील 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उरलेले टायर त्याच कंपनीचे व आसपासच्याच आठवड्यांतले असतील, तर ते रिमवरून उतरवून आतून-बाहेरून तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. भिंतीवर फुगा दिसला, हळू वेगातही धपधप आवाज आला किंवा बॅलन्सिंग करूनही थरथर थांबली नाही, तर तो टायर बदलावाच. क्रमांक उत्पादकाला लेखी कळवून ते टायर परत मागवले गेले आहेत का, याचेही लेखी उत्तर मागा.