मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकता येईल का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात दहावीत शिकते. मला सॉफ्टवेअर डेव्हलपर व्हायचे आहे. परंतु घरी संगणक नाही, बाबांचा मोबाइल तेवढा रात्री मिळतो. लॅपटॉप येईपर्यंत थांबावे का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : मुळीच थांबू नकोस. १९९१ साली आलेली पायथन ही विनामूल्य भाषा अँड्रॉइड मोबाइलवरही चालते आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतूनही मिळतात. मात्र नुसते धडे पाहून प्रोग्रामिंग येत नाही. कापूस विकल्यावर बाबांना मिळणारी हिशेबपट्टी समोर ठेव आणि क्विंटलमधील वजन, भाव व कपात दिल्यावर हाती येणारी रक्कम काढणारा प्रोग्राम स्वतः लिही. मग वजनाच्या जागी चुकून अक्षर टाइप झाले तर काय होते ते पाहा, कारण अशा चुका शोधण्यातच डेव्हलपरचा बराचसा वेळ जातो. लांबलचक प्रोग्राम लहान पडद्यावर लिहिणे त्रासाचे आहे, हे खरे. त्यासाठी शाळेतील संगणक वापरण्याची परवानगी माग. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लाससाठी मात्र घरच्यांना कर्ज काढू देऊ नकोस. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो, हेही त्यांना सांग.