वाचकांचे प्रश्न : गेन एकदाच, फेडर कार्यक्रमभर

गणपती तोंडावर आले की सोसायट्यांच्या कपाटांतले मिक्सर बाहेर निघतात आणि आमच्याकडची पत्रंही वाढतात. या वेळी निवडलेली चारही पत्रं मिक्सरच्या चॅनेलवरच्या नॉबांबद्दल आहेत.

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बारा चॅनेलचा मिक्सर आहे. आवाज कमी वाटला की कुणी गेन फिरवतं, कुणी फेडर वर सरकवतं. दोन्हींनी आवाज वाढतोच, मग फरक काय? शिवाय गायकाचा आवाज मधूनच फाटतो, फेडर खाली घेतला तरी फाटकाच ऐकू येतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर दडलंय. आवाज फाटतो तो गेनपाशी. फेडर त्याच्यानंतर येतो, त्यामुळे तो खाली घेतल्यावर फाटका आवाज नुसता लहान होतो. माइकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. त्याला मिक्सरच्या कामाच्या पातळीवर आणून ठेवायचं एवढंच गेनचं काम. श्रोत्यांना किती ऐकू जावं, ते फेडर ठरवतो.

कार्यक्रमाआधी प्रत्येक चॅनेलवर हे करा. फेडर तळाला, इक्यूचे (लो, मिड, हाय कमीजास्त करणारे) नॉब मध्यावर, गेन पूर्ण डावीकडे. त्या चॅनेलचं पीएफएल दाबा, म्हणजे फेडर खाली असला तरी त्या एकट्या चॅनेलची पातळी मीटरवर दिसते. गायकाला 'हॅलो, माइक चेक' म्हणायला लावू नका, गाण्यातला सर्वांत चढा तुकडा गायला सांगा, आणि माइक प्रत्यक्ष कार्यक्रमात धरतील तेवढ्याच अंतरावर धरू द्या. आता गेन सावकाश वाढवा. मीटरचे दिवे शून्याच्या आसपास खेळू लागले आणि जोराच्या जागेला +६ ला शिवून परत आले की थांबा. तिथून थोडा मागे आणलात तर आणखी बरं, कारण समोर माणसं बसली की गाणारा तालमीपेक्षा जोरातच गातो. लाल पीक दिवा सहसा प्रत्यक्ष फाटण्याच्या थोडा आधी पेटतो. एखादा लुकलुकला तर चालेल, पेटून राहिला तर नाही. डिजिटल मिक्सरच्या मीटरवर मात्र शून्य म्हणजे छत असतं. तिथे सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवा.

गेन अगदी तळाला आणूनही फाटत असेल तर पॅडचं, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं, बटण आहे का बघा. किंवा कीबोर्ड, लॅपटॉप चुकून माइकच्या सॉकेटमध्ये लागलाय का तपासा.

मग फेडर शून्याच्या खुणेवर आणा आणि हॉलचा एकूण आवाज मास्टरने, म्हणजे सगळ्या चॅनेलच्या एकत्रित फेडरने, ठरवा. शून्याचा आग्रह यासाठी, की फेडरची मापं सगळीकडे सारखी नसतात. वरच्या टोकाला बोटभर सरकवल्यावर पाच-दहा डेसिबलचा फरक पडतो, तळाशी तेवढ्याच अंतरात वीस-तीसचा. गेन वाजवीपेक्षा जास्त ठेवला की फेडर कायम तळाशी खेळतो आणि निवेदिकेचा आवाज एकदम कमी नाहीतर एकदम जास्त होतो.

कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावू नका. मॉनिटरकडे, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरकडे, जाणारा आवाज गेननंतरच निघतो. तुम्ही हॉलसाठी गेन वाढवला की मंचावरचा मॉनिटरही वाढतो आणि माइक कुईं करायला लागतो.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ नारायण पेठेत, गल्लीतल्या मंडपात बसतं. सहा माइक असतात. बुवांना मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज हवा असतो, पण जरा वाढवला की शिट्टी सुरू.

मॉनिटरला जाणारा ऑक्स (चॅनेलमधून आवाजाची वेगळी वाट काढणारा नॉब) 'प्री' आहे का, हे आधी पाहा. प्री म्हणजे फेडरच्या आधी घेतलेला. तो 'पोस्ट' असेल तर हॉलसाठी फेडर वर केला की मॉनिटरही वर जातो. लहान मिक्सरवर बहुधा पहिला ऑक्स प्री आणि इफेक्टचा पोस्ट असतो. काहींवर छोटं बटण असतं, तेही धूळ बसून अर्धवट दाबलेलं सापडतं.

मग माइक मोजा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुरू व्हायच्या आत मिळणारी वाढ सुमारे ३ डेसिबलने घटते. उलट तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की जवळजवळ ६ डेसिबल फुकटात मिळतात. म्हणून कोरसच्या चार जणांना चार माइक देण्यापेक्षा दोन द्या आणि जवळ बसवा. गात नसलेला माइक म्यूट करा. माइकची जाळी मुठीत धरायची सवयही मोडा, जाळी झाकली की माइक चहूबाजूंचा आवाज खेचतो. मॉनिटर साध्या कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या, मागचं टाळणाऱ्या) माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद टप्प्यातलं ऐकणारा) असेल तर मागे पण थोडा कडेला. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवले तर कितीही नॉब फिरवा, आवाज परत माइकमध्येच येणार.

एवढं करूनही शिट्टी राहिली तरच इक्यूकडे वळा. 'हू' असं घुमत असेल तर ती साधारण २५० ते ५०० हर्ट्झवर, शिट्टी १ ते २ किलोहर्ट्झवर, कानात टोचणारी किंचाळी त्याच्याही वर. मिडचा फिरता नॉब असेल तर मॉनिटर हळू ठेवून मिड ६ डेसिबल वाढवा, फ्रीक्वेन्सी सावकाश फिरवा. जिथे ओरडू लागेल तिथे तोच नॉब उणे ३ ते ६ वर आणा. हे श्रोते यायच्या आत उरका.

प्रश्न : ४८ व्होल्टचं बटण चुकून दाबलं गेलं तर साधे माइक जळतात का?

हे बटण केबलमधून माइकला वीज पुरवतं. साधा डायनॅमिक माइक तीन पिनांच्या धड केबलने जोडलेला असेल तर काही होत नाही. धोका आहे तो जुन्या रिबन माइकला, आणि जुगाडाच्या केबलने एक्सएलआरमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये) घुसवलेल्या लॅपटॉप, मोबाइलला. लॅपटॉप, मोबाइलला मध्ये डीआय बॉक्स लावा, म्हणजे त्यांचा सिग्नल माइकच्या सॉकेटला जुळवून देणारी डबी. लहान मिक्सरवर हे बटण बहुतेकदा सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं, हे ध्यानात ठेवा. कंडेन्सर माइकला ते लागतंच. दाबताना आणि माइक काढता-लावताना चॅनेल म्यूट करा, नाहीतर स्पीकरमध्ये 'धाड' होतं.

प्रश्न : पेटी-तबला असला की सगळं गढूळ ऐकू येतं. लो कमी केला तर डग्गा मरतो.

लो सरसकट कमी करू नका. गायकाच्या चॅनेलवर लो-कटचं बटण दाबा. ते साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. तिथे गाणं जवळपास नसतंच, असते ती मंचावरच्या पावलांची धपधप आणि पंख्याचा वारा. डग्ग्याच्या चॅनेलवर मात्र हे बटण सोडून द्या, त्याची घुमक तिथेच आहे.

गढूळपणा बहुधा २५० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो. पेटी आणि गायकाच्या चॅनेलवर तिथे ३ डेसिबल कमी करा, तबल्यावर करू नका. काळी एकचा तबला साधारण २७७ हर्ट्झला बोलतो. तिथेच कात्री लावली की चाटेतला सूर जातो आणि नुसती टकटक उरते.

पेटीचा माइक भात्यासमोर नको, हवेचे झोत ऐकू येतात. आडव्या स्टँडवरून पट्ट्यांच्या वर वीस-पंचवीस सेंटीमीटरवर आणा. तबल्याला दोन माइक असतील तर पॅन (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटणारा नॉब) डावा-उजवा टोकाला फिरवू नका, उजवीकडच्या खुर्च्यांना डग्गाच ऐकू जाणार नाही. शिवाय मंडपात बऱ्याचदा एकाच बाजूच्या आउटपुटवरून सगळे स्पीकर जोडलेले असतात. अशा वेळी टोकाला फिरवलेलं चॅनेल पूर्ण गायब होतं आणि माणसं केबल बदलत बसतात.