वाचकांचे प्रश्न: एनटीएससी टेपवरून पाल डीव्हीडी करताना

प्रश्न: भावाने पूर्वी मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर केलेलं शूटिंग कॉम्प्युटरवर घेतलंय, सगळ्या फाइल्स ७२० बाय ४८० म्हणजे एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत) आहेत. आईबाबांचा टीव्ही जुना, पाल (आपल्याकडची पद्धत). एका फुकट सॉफ्टवेअरमधून पाल डीव्हीडी केली तर कॅमेरा फिरला की झटके बसतात, पळणाऱ्या मुलांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात आणि शेवटी शेवटी ओठ एकीकडे आवाज एकीकडे. काय चुकतंय?

उत्तर: आधी एक गोष्ट करा, कन्व्हर्ट न करताच पाच मिनिटांचा तुकडा एनटीएससी डीव्हीडी म्हणून रीरायटेबल डिस्कवर टाका आणि त्यांच्या प्लेअरमध्ये लावून बघा. पाल देशांत विकले गेलेले बरेचसे प्लेअर एनटीएससी डिस्क वाचतात (उलटं मात्र फार कमी वेळा जमतं). चित्र नीट पण ब्लॅक अँड व्हाइट आलं तर टीव्हीला एनटीएससीचा रंग कळत नाहीये, चित्र वरखाली सरकत राहिलं तर ६० हर्ट्झच (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) झेपत नाहीये. अशा वेळी प्लेअरच्या मेनूत टीव्ही टाइप पाल किंवा मल्टी करून परत बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं आणि मूळ चित्राला हात लावावा लागत नाही, मला विचाराल तर हाच सगळ्यात चांगला उपाय.

नाहीच जमलं तर मग कन्व्हर्ट. एनटीएससीत सेकंदाला २९.९७ फ्रेम्स आणि ४८० ओळी, पालमध्ये २५ फ्रेम्स आणि ५७६ ओळी. म्हणजे तासाभरात इकडे जवळपास १ लाख ८ हजार फ्रेम्स, तिकडे ९० हजार. तुमच्या सॉफ्टवेअरने बहुतेक दर सहा फ्रेम्समधली एक उचलून टाकलीय, म्हणून सेकंदाला पाच झटके.

दातांचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये घेतलेली असते, एकात सम ओळी एकात विषम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या साठाव्या भागाचं अंतर. झोक्यावरच्या मुलीचा सीन थांबवून बघा, तिचा हात दोन जागी दिसेल, एक ओळ इथली एक ओळ तिथली. अशी फ्रेम तशीच ताणून ४८० ची ५७६ केली की दोन वेळचे क्षण एकमेकांत कालवले जातात आणि नंतर ते कुठल्याही फिल्टरने सुटत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. आधी डीइंटरलेस (गुंफलेली फील्ड्स सुटी करणं), तेही प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम होईल असं, म्हणजे सेकंदाला ५९.९४ फ्रेम्स मिळतात. मग साइज ५७६. मग ५९.९४ चे ५०. आणि शेवटी त्या ५० फ्रेम्स परत फील्डमध्ये गुंफून २५ ची इंटरलेस्ड पाल.

एव्हीसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेससाठी क्यूटीजीएमसी नावाचा फिल्टर आहे, चालायला अतिशय हळू पण रिझल्ट बघितल्यावर वाट बघितल्याचं काही वाटत नाही. घाई असेल तर एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर घ्या. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं हे सॉफ्टवेअरला नक्की सांगा, उलटं सांगितलंत तर चालणारा माणूस दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा थरथरतो, हे एकदा बघितलं की कायमचं ओळखू येतं. ५९.९४ चे ५० करताना नुसत्या फ्रेम्स काढल्या तरी चालतं कारण गळणारा तुकडा आता निम्म्या वेळेचा असतो, झटका बराच कमी जाणवतो. दोन फ्रेम्स मिसळून नवी बनवायचा पर्याय मी टाळते, सगळं धुरकट होतं. हालचाल ओळखून मधली फ्रेम तयार करणारे फिल्टर सगळ्यात गुळगुळीत, पण जाळीमागून कुणी चाललं की जाळीच वाकते, तेव्हा आधी एक मिनिटाचा तुकडा करून बघा.

आवाजाचं म्हणाल तर कुठेतरी २९.९७ ऐवजी ३० धरलं गेलंय, तासाला साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त फरक पडतो, ओठ हलल्यावर तेवढा खूप होतो. शिवाय कॅमेऱ्यात आवाज ३२ किलोहर्ट्झवर घेतलेला असू शकतो, डीव्हीडीला ४८ लागतात, तो नीट रीसॅम्पल करून (४८ वर बदलून) घ्या. बाकी एमपेग टू (डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट), दोन पास (सॉफ्टवेअर आधी सगळं तपासतं, मग फाइल बनवतं), सेकंदाला साधारण ८ मेगाबिट ठेवलंत की तासाभराचं शूटिंग एका ४.७ जीबी डिस्कवर आरामात बसतं. मूळ डीव्ही फाइल्स मात्र पुसू नका हो, तासाला १३ जीबी जाते हे खरंय तरी नका पुसू.

प्रश्न: पाल म्हणजेच रिजन कोड का?

उत्तर: नाही. रिजन कोड हे डिस्कवर घातलेलं विक्रीचं कुलूप, पाल एनटीएससी म्हणजे ओळी आणि फ्रेम्सचा हिशोब. घरच्या शूटिंगच्या डिस्कला रिजन नसतोच.

प्रश्न: पेनड्राइव्हवरून नव्या टीव्हीवर बघायचं असेल तर?

उत्तर: मग पालचा विचारच नको. नवे टीव्ही फाइल २५ ची असो की ३० ची, बहुतेक दोन्ही चालवतात. वर सांगितलं तसं डीइंटरलेस करून ५९.९४ लाच थांबा, एच २६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये एमपी४ करा, आकाराचं प्रमाण ४:३ ठेवा नाहीतर सगळे जाड दिसतात.